लविनाच्या लॅपटॉपवरचा पहिला शब्द

पपा पुन्हा पलंगाच्या लोखंडी दांड्यावर थापा मारू लागले, तशी लॅपटॉपवरची लविनाची बोटं थांबली.

अर्धांगवायूनं पपांची, मार्सेलची, उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. डोकं मात्र शाबूत होतं. डाव्या हातानं ते दांडा बडवायचे आणि त्यांची बायको रेजिना केळीच्या वाडीतून धावत यायची. पाणी द्यायची, उशी सरकवायची, पंखा वाढवायची. ते नाही म्हणून मान हलवायचे. पुन्हा थाप. या आठवड्यात तर दिवसभर हेच चाललं होतं.

"काय हवंय तुम्हाला? मला कसं कळायचं?" रेजिना रडकुंडीला यायची.

पलंगाशेजारी बसूनच लविना वालीवच्या एका कारखान्यासाठी खोक्यांवरची लेबलं बनवायची. लॅपटॉप वहीएवढा, दुकानातला सगळ्यात स्वस्त. विरारच्या जेन्सननं, तिच्या मावसभावानं, त्यात लिनक्स नावाची सिस्टिम घालून दिली होती. चित्रं काढायचं, पत्रं लिहायचं, सगळं फुकटातलं. तिचं काम त्यावर भागत होतं. पण आज लेबल सरळ येईना. पुण्याच्या कंपनीची नोकरीची मेल उत्तराविना पडून होती. ती उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची.

थाप. थाप.

मोबाइलवर लिहायला देऊन झालं होतं. पपांचं बोट काचेवर घसरायचं. दाबल्यावर खाली जाणारी बटणं त्यांना जमतील? तिनं जेन्सनला फोन लावला.

"अगं, लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज त्यात आहेच," तो म्हणाला. "सेटिंगमध्ये जा. मराठी पण आहे. जरा पत्र्यासारखा वाजेल, चालवून घे."

तिनं बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले आणि लॅपटॉप पपांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट कितीतरी वेळ अक्षरांवरून फिरत राहिलं. मग दोन बटणं दाबली गेली.

"जा," लॅपटॉप कोरडेपणानं बोलला.

रेजिनाचा चेहरा उतरला. "मी जाऊ? इतके दिवस तुमचं करतेय आणि मीच नको झाले?" ती पदरानं डोळे पुसत दाराकडे वळली.

मार्सेलनी जोरजोरात मान हलवली. घशातून घरघर आली. बोट पुन्हा शोधू लागलं. चुकलं. लविनानं खोडून दिलं. पुन्हा चुकलं.

"लविना पुणे जा."

आठवड्यापूर्वी नोकरीची मेल आली त्या दिवशी मायलेकी याच पलंगाच्या दोन बाजूंना बसून बोलल्या होत्या. पपांना असं सोडून कशी जाणार, नाहीच म्हणून कळव, असं ठरवून टाकलं होतं. पपांना कोणी विचारलंच नव्हतं.

"तुम्ही ऐकत होता?" लविनाचा आवाज चढला. "मग मम्मीनं एकटीनं तुम्हाला कसं उचलायचं? ते पण लिहा ना!"

मार्सेलनी पुन्हा अक्षरं शोधली.

"ऑस्कर."

ऑस्कर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, पलीकडच्याच घरात राहणारा. दोघांमध्ये वर्षानुवर्षं अबोला होता. रेजिना दारातच उभी राहिली. तिनं नवऱ्याला एकदाच विचारलं, "नक्की?"

मार्सेलनी मान डोलवली. ती चपला घालून भरभर पलीकडे निघाली.

लविनानं मेल उघडली. "उद्या कळवते," ती पुटपुटली.

मार्सेलचं बोट लगेच हललं.

"आज," लॅपटॉप बोलला.