बसमधली आई

टण्ण!

स्टीलचा चमचा फरशीवर पडला, दोनदा उडाला आणि पलंगाखाली जाऊन गप्प झाला. त्याआधी घरात जी शांतता होती ती काही फुकटात मिळालेली नव्हती. चाळीस मिनिटं बाळाला खांद्यावर घेऊन, ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालून, पाठीचा पार भुगा करून आईनं ती कमावली होती. दुपट्यात गुंडाळलेल्या गाठोड्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग तोंड.

"किती वेळा सांगितलं तुला!" ती ओरडली. "एक मिनिट तरी गप्प बसवतं का गं कार्टे?"

कार्टी म्हणजे भिंगरी. वय वर्षं पावणेतीन. पाय फुटल्यापासून एका जागी ठरली नाही, म्हणून भिंगरी. आणि दुपट्यातला तिचा भाऊ सात आठवड्यांचा. त्याचं नाव तिनंच ठेवलं होतं. दवाखान्यातून त्याला घरी आणलं त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "हे गाठोडं कुणाचं? त्यांना देऊन टाका." सगळे हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

भिंगरी रडली नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि साक्ष द्यावी तसं म्हणाली, "बसमधली आई ओरडत नाही."

बसमधली आई खरंच ओरडत नव्हती.

लग्नाआधीपासून ती बस कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. लोक तणतणत यायचे, तिच्याशी चार वाक्यं बोलायचे आणि तक्रार होती तिथंच ठेवून थंड डोक्यानं परत जायचे. साहेब म्हणाले, एवढा गोड आवाज खिडकीत कशाला कोंडायचा? मग एका दुपारी, भिंगरी पोटात असताना, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या खोलीत बसून तिनं सात नंबरच्या बसचे सगळे थांबे म्हटले होते. 'पुढचा थांबा, जुनं टपालघर. सावकाश उतरा. मुलांचा हात धरा.' तेव्हापासून सात नंबर तिच्याच आवाजात चालत होती आणि तिच्याच आवाजात थांबत होती.

हे प्रवाशांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारी उभा असलेला माणूस वर स्पीकरच्या जाळीच्या भोकांकडे बघायचा, हिच्याकडे नाही. सबंध बसमध्ये तो आवाज ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्याला अजून चपला उलट्यासुलट्या कळत नव्हत्या.

दर मंगळवारी गाठोड्याचं वजन करायला दवाखान्यात जावं लागे. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात बसचा दांडा, त्याच खांद्यावर पिशवी, पिशवीचा बंद घसरू नये म्हणून मान वाकडी. आणि वरून आवाज यायचा, 'मुलांचा हात धरा.' तो आला की भिंगरी आज्ञाधारकपणे हात वर करायची. आईकडे धरायला हात शिल्लक नसे. "माझी ओढणी धर," ती खालच्या आवाजात सांगायची. भिंगरी ओढणी धरायची, पण बघायची मात्र वर, जाळीकडे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कोण कुठे अडकेल ह्याचा नेम नाही, त्यामुळे तो घरी कधी असेल ह्याचाही नाही. बाळंतपणाच्या रजेत दिवसभरात तिच्याशी बोलणारं मोठं माणूस म्हणजे मंगळवारच्या बसमधली ती स्वतः. कधीकधी तिला वाटे, आपण वजनासाठी जातच नाही, हे ऐकायला जातो. घराजवळच्या थांब्यापासून दवाखान्यापर्यंत अकरा मिनिटं लागायची. त्या अकरा मिनिटांत कुणीतरी न रागावता, न दमता बोलायचं.

अशातच रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला. तिच्याच कार्यालयातला माणूस, केस पिकलेला, सगळ्या बायकांना वहिनी म्हणणारा.

"वहिनी, सात नंबरला दोन थांबे वाढलेत. नवा पूल आणि रोपवाटिका. येता का तासाभरासाठी?"

"येते की."

"आणखी एक सांगून ठेवतो. आवाज जुन्याशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर साहेब म्हणतात, सगळंच नव्या मुलीकडून करून घेऊ. एका बसमध्ये दोन बायका नकोत."

तिनं ते संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढता काढता हसला. "दोन शब्द तर बोलायचेत. माझ्याशी दिवसाला दोनशे बोलतेस."

"तुझ्याशी? कधी? लिफ्टमध्ये?"

"बरं बाई, उद्या शंभर बोल. मी सुट्टी घेतो."

"घेतलीस की सांग. आणि समज, मी जुळले नाही तर?"

"तर नाही. कटकट गेली." त्यानं गाठोड्याच्या पोटाला गुदगुल्या केल्या. "आम्हाला तर अख्खी बाई घरात आहे, काय रे?"

घरातली अख्खी बाई कशी आहे, हे भिंगरीला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर ती दुसरी जगायला हवी होती. लेकीकडे एक तरी धड आई असावी, मग ती जाळीच्या भोकांत राहणारी का असेना.

दुसऱ्या दिवशी अर्थातच कुठल्याशा इमारतीत चौघे अडकले आणि सुट्टी बोंबलली. गाठोडं झोपल्यावर तिनं मोरीचं दार लावून घेतलं, कोमट पाण्यानं गुळण्या केल्या, बादली पालथी घालून बसली आणि डोळे मिटले. 'पुढचा थांबा, नवा पूल.' खरखर. 'पुढचा थांबा, नवा पूल.' घाई. सातव्या-आठव्या वेळी खांदे आपोआप खाली आले आणि घशातून तो जुना आवाज निघाला, कोमट, ऐसपैस, कुणाचीही वाट बघायची तयारी असलेला. 'सावकाश उतरा. मुलांचा हात धरा.'

दारावर थाप पडली. छोटी, चपटी थाप.

"बसमधली आई, बाहेर ये ना!"

तिनं दार उघडलं. उघडताना ती हसत होती. भिंगरीनं तिच्याकडे बघितलं, मग तिला हातानं बाजूला सारून आत डोकावली. बादलीच्या मागे बघितलं. दाराच्या मागे बघितलं.

"गेली," ती म्हणाली, आणि आईकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू हिनंच तिला हाकललं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दोन्ही पोरं बरोबर होती. दुसरीकडे ठेवणार कुठे? गाद्यांच्या खोलीत खुर्चीवर गाठोडं झोपलं, टेबलाखाली बिस्किटाचा पुडा घेऊन भिंगरी बसली. तोंडावर बोट ठेवून, अगदी शहाण्यासारखी.

"पुढचा थांबा, नवा पूल."

"छान. फक्त जरा सावकाश."

"पुढचा थांबा, नवा पूल."

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्यानं डोकं खाजवलं. "वहिनी, राग मानू नका. शब्द बरोबर आहेत. पण प्रवाशाला थांबा सांगताय असं नाही वाटत. गॅसवर दूध ठेवून आल्यासारखं वाटतं."

ती हसली. पाणी प्यायली. डोळे मिटून बादली आठवली, मोरी आठवली. पण एक कान खुर्चीकडे होता, एक टेबलाखाली, आणि बोलायला तोंड तेवढं उरलं होतं. अकरा वेळा झालं. मग त्यानं जुना आणि नवा आवाज एकामागोमाग एक लावून दाखवला. जुना सुरू झाला तेव्हा तिला वाटलं, ही कोण? हिच्याकडे सबंध दुपार मोकळी आहे. हिला कुणी हाक मारलेली नाही.

टेबलाखालून भिंगरी बाहेर आली, टाळ्या पिटत. "आली, आली!"

टाळ्यांनी गाठोडं जागं झालं आणि त्यानं असं भोकाड पसरलं की गाद्यासुद्धा कमी पडल्या. तिच्या कुडत्यावर दुधाचे दोन ओले डाग उमटले. रेकॉर्डिंगवाल्यानं नजर वळवली आणि हळूच बटण बंद केलं.

"राहू द्या, वहिनी."

"जुनं सगळं पुसणार?"

"मशीन बदलतंय. सगळंच जाईल."

"मला मिळेल का? थोडंसं, दोन-तीन थांबे?"

"कार्यालयाची मालमत्ता आहे. अर्ज करावा लागेल तुम्हाला." मग तो स्वतःच ओशाळला. "तुमच्याच आवाजासाठी. काय म्हणायचं ह्याला!"

तिनं अर्ज केला. असले अर्ज कुठल्या खणात पडून राहतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो खण तिच्याच खिडकीतला होता.

महिना बदलला. पहिल्या मंगळवारी तिनं दवाखान्यात चालत जायचं ठरवलं होतं, पण थांब्यापाशी भिंगरीनं बसकण मारली. "बस. बस. बस!" सात नंबर आली. त्या खिडकीशी बसल्या, गाठोडं मांडीवर. बस निघाली आणि वरून एक आवाज आला. चांगला होता, तरुण, स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखा. 'पुढचा थांबा, जुनं टपालघर.'

भिंगरीनं वर बघितलं. थोडा वेळ बघतच राहिली.

आईनं पिशवी पायांत ठेवली, गाठोडं एका हातावर तोललं आणि मोकळ्या झालेल्या हातात भिंगरीचा हात घेतला. बिस्किटाच्या चुऱ्यानं तो खरबरीत झाला होता. ती तिच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "पुढचा थांबा, जुनं टपालघर. सावकाश उतरा. मुलांचा हात धरा." आवाज बसका होता, मध्येच फाटला. तरी तिनं पुढचाही थांबा म्हटला. त्याच्या पुढचाही.

भिंगरीनं सगळं ऐकून घेतलं. हात सोडवला नाही. आईच्या तोंडाकडे बघितलं, मग वर जाळीकडे, मग मांडीवरच्या गाठोड्याकडे. तिथं तिची नजर बराच वेळ थांबली.

"आई," तिनं विचारलं, "बसमधल्या आईला पण बाळ झालं?"