बटणावरचा गोंद

मी संशयी आहे. माझं माहेर हेच सांगतं, सासर हेच सांगतं, आणि मलाही ते मान्य आहे. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, मी तर पाणीही फुंकून पिते. पण माझं तोंड पोळलं कशाने, ते आधी ऐका.

नाचाच्या कार्यक्रमांना मी आवाज करून देते, मॉड्युलर सिंथेसायझरवर. लाकडी चौकटीत एकेक खोकं बसवायचं, ती वायरींनी एकमेकांना जोडायची आणि त्यातून आवाज काढायचा. त्यातल्या एका खोक्याला एलएफओ म्हणतात. त्याला स्वतःचा आवाज नसतोच. त्याची लहर इतकी संथ की कानाला ऐकूच येत नाही. ती फक्त दुसऱ्या आवाजाला वर-खाली करते, पाळण्याची दोरी ओढावी तशी. मागच्या वर्षी माझा एलएफओ ऐन कार्यक्रमात भरकटला. आठ मुली एका पायावर उभ्या आणि आवाज काही खाली येईना! एक तर धपकन पडलीच. नाचाच्या बाई म्हणाल्या, "आणखी एकदा बोलावते. तेव्हाही असंच झालं, तर तुमची वाट तुम्हाला मोकळी."

म्हणून नवा एलएफओ निवडायचा होता. दुकानदाराने दोन पुढ्यात ठेवले. एक डिजिटल, सेकंदाला चिकटून चालणारा. दुसरा जुन्या धर्तीचा, त्याला फिरवायचं एकच मोठं बटण आणि वर पिवळा दिवा. लहर चढली की दिवा हळूहळू उजळायचा, उतरली की हळूहळू मावळायचा. जुन्याची लहर गोड होती, हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं. म्हणूनच मला संशय आला.

"दोन्ही घरी न्या, ताई," दुकानदार म्हणाला. "शनिवारपर्यंत वाजवून बघा, नको तो परत करा. फक्त हा जुना तापायला वेळ घेतो. दिवसभर चालू ठेवा, मग पारखा."

एवढा भलेपणा? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघतेच तुला.

दिवसा आमच्या घरी फक्त आप्पा असतात, माझे सासरे. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनियाने त्यांना आडवं केलं. घरी आले, पण श्वास उथळ आणि भरभर, मिनिटाला बावीस. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज बसून श्वास संथ करायचा सराव करा. पुढल्या सोमवारी तपासू, उतरला नाही तर घरात ऑक्सिजनचं यंत्र आणि नाकात नळी. आप्पांना त्या नळीची भारी धास्ती. "नळी लागली की माणूस खुंट्याला बांधला," म्हणायचे. नवऱ्याने त्यांच्या मोबाइलवर श्वासाचं अ‍ॅप घालून दिलं. त्यातली बाई "आता सोडा" म्हणाली की आप्पा भडकायचे. "हिला काय ठाऊक, माझा घेऊन झालाय की नाही?" दोन दिवसांत त्यांनी तिला बंद केलं.

माझ्या खोलीच्या दारावर पाटी आहे: कोणीही कशालाही हात लावू नये. त्या तपासणीला आठवडा होता, त्या सोमवारी मी जुन्या एलएफओवर तीन सेकंदांची लहर लावली, म्हणजे तीन सेकंदांत एक चढ-उतार, बटणाशी पेन्सिलीने खूण केली, तो चालू ठेवून डिजिटल घेऊन तालमीला गेले. संध्याकाळी आले तर लहर साडेतीनची. बटण खुणेपासून तसूभर सरकलेलं. मी परत तीनवर आणलं. मंगळवारी चार, बुधवारी साडेचार. फोन उचलला.

"तुमचं बटण आपोआप फिरतंय!"

"ताई, लहर भरकटेल एक वेळ. बटण कसं फिरेल? घरात कोणी..."

"माझ्या घरच्यांवर येऊ नका. वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात मारता आणि वर शहाणपणा!"

त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं असावीत, कारण त्याने आवाज खाली घेतला. मला तेही संशयास्पद वाटलं.

तरी रात्री जेवताना मी घरातही चौकशी केली. नवरा म्हणाला, "तुझ्या खोलीत यायचं तर मला अर्ज करावा लागतो." आप्पा पानातून वर न बघता म्हणाले, "मी कशाला जाऊ तिथे?" त्याच संध्याकाळी ते मध्ये न थांबता जिना चढून आले होते. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. पण मनात आलं काय, तर यांना एवढा हुरूप कशाचा? गुरुवारी लहर पाचवर.

त्याच दिवशी नाचाच्या बाईंनी शेवटचा भाग जलद करायला सांगितला. शुक्रवारी सकाळी मी लहर दोन सेकंदांवर आणली, बटणाच्या खाली झटपट चिकटणारा गोंद सोडला आणि वरून कागदी टेप मारली. आता फिरव म्हटलं, कोण असशील तो. आणि छाती काढून तालमीला गेले.

तिथे पोचल्यावर बघते तर वायरींची पिशवी घरीच. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मी धावत परत आले. अकरा वाजले होते. जिन्यावरच ऐकलं, माझ्या खोलीत कोणीतरी धापा टाकतंय. सापडला चोर! चपला हातात घेऊन दबकत गेले.

माझ्या स्टुलावर आप्पा. एक हात छातीवर, नजर पिवळ्या दिव्यावर. दिवा उजळला की घ्यायचे, मावळला की सोडायचे. सोडून होण्याआधीच तो पुन्हा उजळायचा. खांदे उडत होते, ओठ निळसर पडले होते, आणि तरी ते त्या दिव्यामागे पळत होते.

"आप्पा!"

ते दचकले. दोन्ही हात मांडीवर घेतले. "आज मी... हात नाही... लावला हं."

मी प्लग ओढला. दिवा गेला तसे ते कळवळून म्हणाले, "विझवू नकोस ग. त्या मोबाइलवाल्या बाईपेक्षा... हा बरा. बोलत नाही. रोज थोडा थोडा... संथ करत आणला मी. काल पाचावर. आज त्याला... घाई आहे. म्हटलं, आपलंच चुकत असेल."

"अहो, मग सोडून द्यायचं! टेप फाडायची!"

"फाडली असती तर... तुला कळलं असतं."

मी प्लग लावला, टेप ओरबाडली, बटण दोन्ही हातांनी पिळलं. हलेना. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो वळसा मी चार दिवस घातला होता. वर एका भल्या माणसाला चोर ठरवलं होतं. मला माझी लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दिवा पुन्हा बंद केला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "माझ्या हाताकडे बघा. वर गेला की घ्या. खाली आला की सोडा."

चार-पाच वेळा वर-खाली केल्यावर आप्पा म्हणाले, "तूही घाईच करतेस."

मी संथ केला. आणखी संथ. फोन वाजला. नाचाच्या बाई. दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा.

"घे," आप्पा म्हणाले. "तुझं काम जाईल."

"जाऊ दे. तुम्ही सोडा आधी."

ओठांना रंग आला, तेव्हा मी डाव्या हाताने फोन उचलला आणि पहिला दुकानदाराला लावला. "जुना मी ठेवतेय. परत करण्यासारखा राहिला नाही, बटणाला गोंद लावलाय मी. आणि परवा जे बोलले, ते चुकलं माझं. सगळं चुकलं."

"गोंद? कशाला, ताई?"

आप्पांसमोर ते सांगायचं कसं? मी उजवा हात वर-खाली करत राहिले. त्याला काय वाटलं कोण जाणे. म्हणाला, "राहू द्या. संध्याकाळी येतो, सोडवून देतो."

"सोमवारच्या आत हवाय," मी म्हटलं.

फोन ठेवला. नाचाच्या बाईंचा नंबर काढला आणि काय सांगायचं ते जुळवू लागले.

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "हात का थांबवलास? मी मोजतोय."