मागच्या चाकाजवळचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी, ठेंगणी मोटारगाडी आहे. चार माणसं कशीबशी मावतील एवढंसं माझं अंग, शिवणयंत्रासारखं टकटकणारं इंजिन आणि चिमणीएवढी पेट्रोलची तहान. श्रीमंतांसाठी मला कुणी बनवलंच नव्हतं. ज्यांना पावसात भिजायचं नाही आणि खिसाही रिकामा करायचा नाही, अशा माणसांसाठी माझा जन्म. स्वभावाने मी पहिल्यापासून घाबरट. कारखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी माझं दार आपटून पाहिलं, तेव्हाच मला वाटलं, झालं, आता ही आपल्याला नापास करणार. पण त्यांनी माझ्या काचेवर एक चिकटपट्टी लावली आणि मी जगात आले.

मला विकत घेतलं ते एका चष्मेवाल्यांनी. दिवसभर दुकानात बसून ते चष्म्याच्या काचा घासत. नजर अशी बारीक, की काचेवरचा केसाएवढा ओरखडाही तिच्यातून सुटत नसे. रोज सकाळी निघण्यापूर्वी ते माझ्याभोवती एक फेरी मारायचे, टायर दाबून बघायचे, वाकून माझ्या पोटाखाली डोकावायचे आणि मगच दार उघडायचे. शेजारचे गृहस्थ गमतीने विचारायचे, "काय, झाली का पाहणी साहेबांची?" ते हसत, पण पाहणी चुकवत नसत. त्या फेरीने मला किती धीर यायचा, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर भीती अर्धी होते.

त्यांचा मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्यातून त्याला मीच घरी आणलं. पुढे तो माझ्यावरच गाडी शिकला, आणि शिकता शिकता माझ्या गिअरचे दात त्याने पार खिळखिळे केले. तरी मी कुरकुर केली नाही. त्या घराचं सामानसुमान, पाहुणे, आजारपणं, सगळं मी वाहिलं. "गाडी लहान पण गुणाची," असं चष्मेवाल्यांच्या पत्नी म्हणायच्या. त्या गेल्या, तेव्हा शेवटचं दवाखान्यात नेण्याचं कामही माझ्याच वाट्याला आलं.

मग नशिबाचे फासे उलटे पडले. ज्यांनी जन्मभर लोकांना दृष्टी दिली, त्यांच्याच डोळ्यांचा पडदा खराब झाला. एका संध्याकाळी आत येताना त्यांना फाटकाचा खांब दिसला नाही आणि माझा गाल खरवडला गेला. मुलाने किल्ली उचलली आणि कपाटाच्या खणात टाकली. चष्मेवाले त्या दिवसापासून माझ्याजवळ फिरकले नाहीत. "जी चालवता येत नाही, तिच्यात बसायचं कशाला?" एवढं एकच वाक्य त्यांनी ऐकवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

मित्रांनो, नुसतं उभं राहणं म्हणजे विश्रांती असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी वर्षानुवर्षं उभे राहिलेले नाही. माझी बॅटरी मेली. टाकीतल्या पेट्रोलला आंबूस वास यायला लागला. टायर बसके झाले आणि मागच्या सीटच्या स्पंजात उंदरीण बाळंत झाली. सगळ्यांत वाईट म्हणजे भंगारवाला. तो अधूनमधून फाटकाशी थांबायचा, माझ्याकडे बोट दाखवायचा आणि विचारायचा, "द्यायची का?" दर वेळी माझा जीव टांगणीला लागायचा. दर वेळी मुलगा म्हणायचा, "बघू पुढच्या खेपेला."

अशात त्या घरात सूनबाई आल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन व्यायाम शिकवायचा, त्यांना पुन्हा पायांवर उभं करायचं, हे त्यांचं काम. रुग्ण शहरभर विखुरलेले, बस भलत्याच ठिकाणी सोडणारी. एक दिवस त्यांनी माझ्यावरचं आच्छादन ओढून काढलं.

"ही मी रोज चालवणार," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"ही? अगं, भंगारवाला काही नाही तर कीव म्हणून नेईल हिला."

"मी दोन पायांच्या माणसांना उभं करते. हिला तर चार चाकं आहेत."

मिस्तरी आले. त्यांनी माझी टाकी धुतली, कार्बुरेटर उघडून साफ केला, बॅटरी, प्लग, पट्टे, टायर बदलले आणि उंदरिणीला सहकुटुंब बाहेर काढलं. किल्ली फिरली. मी खोकले, शिंकले, काळा धूर सोडला आणि चक्क चालू झाले. सूनबाईंनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. आतल्या खोलीची खिडकी किंचित उघडली आणि लगेच बंद झाली. चष्मेवाले तिथे उभे होते, हे मला कळलं.

सूनबाई मिस्तरींसाठी चहा आणायला आत गेल्या, आणि नेमकं तेव्हाच मिस्तरी मुलाला म्हणाले, "साहेब, ब्रेक साफ करून बसवलेत. पण उभ्या गाडीतली रबरं वाळलेली असतात. चालायला लागली की एखादं दगा देतं. थोडे दिवस रोज सकाळी खाली बघत जा. डाग दिसला तर मला बोलवा, तोवर गाडी हलवू नका." जी गाडी चालवणार तिला न सांगता त्यांनी हे घरातल्या पुरुषाला सांगितलं. आणि घरातला पुरुष तेव्हा भिंतीवर उमटलेल्या मिस्तरींच्या तेलकट कोपराच्या ठशाकडे बघत होता. त्याला टापटिपीचं भारी वेड. त्याने "हो हो" म्हटलं आणि फडकं आणायला धावला.

मी रोज रस्त्यावर जाऊ लागले. सुख काय असतं ते मला पुन्हा कळलं. पण थोड्याच दिवसांत माझ्या मागच्या डाव्या चाकात काहीतरी ओलं जाणवू लागलं. मिस्तरींचे बोल खरे ठरले होते. आतलं रबर चिरलं होतं आणि ब्रेकचं तेल थेंब थेंब गळत होतं.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना तोंड नसतं. आमचं बोलणं म्हणजे आवाज, वास आणि जमिनीवरचा डाग. मी रात्रभर थेंब थेंब करून तो एक डाग जमवायचे. सकाळी कुणीतरी बघेल, वाकेल, विचारेल, एवढीच आशा. आणि सकाळी सर्वांच्या आधी मुलगा बादली घेऊन यायचा, साबणाचं पाणी ओतायचा आणि खराट्याने फरशी लख्ख करायचा. सूनबाई बाहेर येईपर्यंत माझा एकेक शब्द धुऊन गेलेला असायचा. तो वाईट नव्हता हो. एकदा घासता घासता तो स्वतःशीच पुटपुटला, "हौसेने उभी केलीय तिने. गळतेय असं दिसलं तर उगाच हिरमुसेल."

सूनबाईंचीही तीच तऱ्हा. ब्रेकवर पाय दिला की तो पूर्वीपेक्षा खोल जातो, हे त्यांना कळत होतं. पण घरी बोलायची सोय नव्हती. बोलल्या असत्या तर भंगारवाल्याचं नाव निघालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशा हिशेबाने त्या पाय जरा जोरात दाबायच्या आणि पुढे जायच्या. एका दुपारी रस्ता ओलांडणाऱ्या एका गृहस्थांच्या छत्रीपासून मी वीतभर अंतरावर थांबले. त्यांना पत्ताही लागला नाही. सूनबाई मात्र बराच वेळ स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. "जुनी गाडी, असंच असायचं," त्या स्वतःला समजावत म्हणाल्या. मला ओरडून सांगायचं होतं, की नाही, असं नसतं! पण डाग सापडला तर माझी रवानगी भंगारात, आणि नाही सापडला तर या मुलीचा जीव धोक्यात. भीतीला दोन्हीकडून धार होती.

आणि मग ती सकाळ आली. चष्मेवाल्यांची थोरली बहीण आजारी होती. ती राहायची लांबलचक उतार संपतो तिथे, खालच्या वस्तीत. सूनबाईंनी किती आर्जवं केली असतील कोण जाणे, पण चष्मेवाले माझ्यात बसायला तयार झाले. ज्यांची मी इतकी वर्षं वाट पाहिली, ते काठी टेकत माझ्याकडे येत होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, "नका येऊ, आज नका येऊ!" तो उतार मला ठाऊक होता. त्या उतारावर माझा ब्रेक टिकणार नव्हता. मागच्या चाकाजवळची फरशी नेहमीप्रमाणे धुऊन स्वच्छ होती.

सूनबाईंनी दार उघडलं. चष्मेवाले आत बसले नाहीत. त्यांचा हात माझ्या खरवडलेल्या गालावर थांबला, मग छतावरून सरकत सरकत मागे गेला. जुनी सवय पायांत जागी झाली होती. ते माझ्याभोवती फेरी मारत होते. मागे पोचल्यावर त्यांची चप्पल चपचप वाजली.

"इथे पाणी कुणी ओतलं?"

"मी, बाबा," मुलगा म्हणाला. "फरशी धुतली."

"एवढीशीच?"

"तिथेच डाग पडतो रोज. तेलाचा."

चष्मेवाले जागीच थबकले. "अरे, इंजिन पुढे आहे. मागच्या चाकापाशी तेल कुठून आलं?"

मुलाच्या हातातली बादली खाली टेकली. मिस्तरींचं बोलणं त्याला आत्ता ऐकू आलं असावं. सूनबाई गुडघ्यांवर बसल्या, त्यांनी चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. बोटं ओली झाली.

"बाबा," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "ब्रेक खोल जातोय. बरेच दिवस. मी बोलले असते तर यांनी गाडी विकली असती."

"आणि मी तुला डाग दाखवला असता तर तू हिरमुसली असतीस," मुलगा म्हणाला.

"वा! दोघंही माझ्या तोंडात तुळशीपत्र ठेवायला निघाला होतात," चष्मेवाले म्हणाले. आता "भंगार" हा शब्द येणार म्हणून मी श्वास रोखला. पण त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "ही बिचारी रोज ओरडून सांगतेय, आणि तुम्ही तिचं तोंड पुसताय. मिस्तरींना बोलाव. आणि बाहेर कुठलं वाहन मिळतंय का बघ, ताईकडे जायचंय मला."

ते दुसऱ्या वाहनाने गेले. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, आणि उभं राहण्याचं मला पहिल्यांदाच सुख वाटलं. मिस्तरींनी मागच्या दोन्ही चाकांची रबरं बदलली, आणि या वेळी सगळ्या सूचना सूनबाईंना समोर बसवून दिल्या. पुढच्या आठवड्यात त्या उतारावरून चष्मेवाल्यांना मीच खाली नेलं. माझा जीव मुठीत होता, पण ब्रेक जागच्या जागी होता.

आता रोज सकाळी सूनबाई फेरी मारतात आणि चष्मेवाले पायरीवरून विचारतात, "काय दिसलं?" आणि तो टापटिपीचा मुलगा? तो रात्री माझ्या पोटाखाली एक जुनी पांढरी चादर पसरतो, बारीकसा डागही लपू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी जुनं असेल, यंत्र असेल किंवा माणूस असेल, ज्याला नीट बोलता येत नाही. त्याने मागे सोडलेला डाग लाजून पुसू नका. आधी वाकून बघा, तो कुठून आला ते विचारा. आज सकाळी माझ्याखालची चादर कोरी निघाली. तरी संध्याकाळपर्यंत मी काळजी करणारच. स्वभावाला औषध नाही. पण आता ती काळजी करायला मी एकटी नाही.