बावीस सेकंद

स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लावून आई वळली आणि पुन्हा बाहेरच्या दाराकडे निघाली. काठी कोपऱ्यात उभी होती. स्टुलावर फोन चालू होता आणि त्यातून रस्त्यापलीकडची मावशी मोठमोठ्यानं आकडे म्हणत होती.

"सतरा, अठरा... ताई, पाय घासू नकोस. उचल पाय."

दार उघडून मुलगा आत आला तशी आई थबकली. "आला गं," असं फोनला सांगून तिनं तो बंद केला.

"हे काय चाललंय?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"काठी घेऊन चालायला सांगितलंय."

"मग आहे की काठी तिथं. पळून गेली का?"

आईशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, भिंत निदान उलटून बोलत नाही. तो हातपाय धुवायला गेला. नळाखाली हात धरल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. घरातला बोळ सहा मीटर लांब. चार खेपा म्हणजे चोवीस मीटर. समोरच्या रस्त्याची रुंदीही बरोबर चोवीस मीटर होती, आणि ती त्याला पाठ असायला कारण होतं. तो रस्ता त्यानंच आखला होता.

आज तो नगररचना खात्यातला जुनाजाणता इंजिनिअर होता. मावशी मात्र त्याला अजून बाळ्याच म्हणे. तो खरोखरच बाळ्या होता तेव्हा इथं रस्ता नव्हता, गल्ली होती. दोघी बहिणी समोरासमोरच्या घरांत नांदायला आल्या, आणि दोन घरांमध्ये अंतर एवढंच की मावशीकडे मिरच्या भाजल्या की हे लोक शिंकायचे. मावशीच्या दाराला चार दगडी पायऱ्या होत्या. दुपारची कामं आटोपली की दोघी तिथं येऊन बसत, शेंगा सोलत आणि अख्ख्या जगाची उणीदुणी काढत. बाळ्या खालच्या पायरीवर गृहपाठ करी. समोरचा शिंपी मशीन चालवता चालवता मध्येच एखादं वाक्य टाकी, आणि दोघी त्याला गप्प बसवत. सायकलवाला आला की सगळे पाय जवळ घेत, तो गेला की पुन्हा पसरत. एवढी सुखाची जागा पुढं त्यानं कुठल्याच नकाशात पाहिली नाही, आणि त्यानं नकाशे काही थोडेथोडके पाहिले नव्हते.

नोकरी लागल्यावर पहिलं काम हातात आलं ते याच गल्लीच्या रुंदीकरणाचं. गाड्या वाढल्या होत्या, वरून हुकूम होता, आणि वय असं होतं की सरळ रेघ दिसली की छाती फुगायची. त्यानं रेघ मारली. एका बाजूची सगळी घरं पाडून वीस-वीस मीटर मागं बांधली गेली. मावशीच्या पायऱ्याही गेल्या.

दोन वर्षांपासून मावशीचा रस्ता ओलांडायचा धीर सुटला होता आणि आईचे गुडघे कुरकुरत होते. दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून फोनवर बोलत आणि एकमेकींना हातवारे करत. आता खात्यात नवं वारं होतं. शहर माणसांसाठी आहे, चालणाऱ्यांचा विचार करा, असं जो तो बोलत होता. साहेबांनी विचार केला तो असा: "सिग्नलचे सेकंद वाढवले तर गाड्या मागच्या चौकापर्यंत तुंबतात. म्हातारी माणसं आत्ताच्या बावीस सेकंदांत पोचली, तर सिग्नल राहू द्या. नाही पोचली, तर सिग्नल काढा आणि पादचारी पूल बांधा." आराखड्यात पुलाला अठ्ठेचाळीस पायऱ्या होत्या. लिफ्ट पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा कधी, हे खात्यात कोणी विचारत नसे.

चाचणीला वॉर्ड ऑफिसनं आठ ज्येष्ठांची यादी केली होती. तिसरं नाव आईचं होतं.

"तू कशाला?" त्यानं जेवताना विचारलं.

"नापास झालो तर वाटच बंद होणार. मग दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर कशाला विसंबू?"

चाचणीच्या दिवशी सकाळी तो स्टॉपवॉच घेऊन पट्ट्यांपाशी उभा राहिला. आठही जण आधीच जमले होते, आणि एकाच्याही हातात काठी नव्हती. त्याला नवल वाटलं. मग त्याचं लक्ष वाहतूक पोलिसाकडे गेलं. तो बिचारा पाच काठ्या छातीशी धरून उभा होता.

"जरा धरा म्हणाले," पोलीस ओशाळून बोलला.

जुना शिंपी कॅनव्हासचे बूट घालून आला होता. एक बाई नातीचे खेळाचे बूट घालून आल्या होत्या. हिरवा दिवा लागला आणि सगळे निघाले. पळणं म्हणता येणार नाही, पण चालणंही नव्हतं. आई मधल्या पट्ट्यावर एकदा डगमगली. त्याचं बोट मात्र घड्याळावरून हललं नाही. ती पलीकडे पोचली तेव्हा एकवीस झाले होते.

मावशी फुटपाथवर उभी होती. दोघींनी एकमेकींची मनगटं धरली.

"किती वाळलीस गं."

"तू तरी कुठं फुगलीस."

नियम तीन फेऱ्यांचा होता. पण पलीकडे गेलेले आठही जण भिंतीला टेकून जे बसले, ते काही उठेनात. शिंप्याचा श्वास भात्यासारखा वाजत होता. "पहिलीच धरू या की साहेब, सगळे पास आहेत," हाताखालचा माणूस म्हणाला. आई तोवर मावशीचा हात धरून आत गेलीसुद्धा होती.

संध्याकाळी तो काठी घेऊन तिला आणायला गेला. "आता मोजू नकोस," दंडाला धरत आई म्हणाली. तो बरं म्हणाला आणि मनात मोजत राहिला. तीस वर्षांची खोड, जाते कुठं. अर्ध्यात दिवा लाल झाला. गाड्या भोंगे वाजवू लागल्या, त्यानं हात वर केला आणि एका गाडीच्या दिव्यांकडे पाहत तसाच उभा राहिला. आई आपल्या चालीनं चालत होती. एक्केचाळीस सेकंद लागले.

घरी त्यानं टेबलावर चाचणीचा छापील तक्ता उघडला. आई समोर येऊन बसली.

"एकवीस लिही. खोटं नाही, सगळ्यांनी पाहिलंय."

"रोज जाशील एकवीसमध्ये?"

"रोज कोण जातंय? आज बसले तिच्याकडे पोटभर. आता नाही गेले तरी चालेल. वाट उघडी आहे एवढं कळलं की पुरतं रे आम्हाला."

आईनं टेबलावर पडलेला कण बोटानं टिपला.

"तिच्या पायऱ्या फोडत होते ना, त्या दिवशी मी तिथंच होते. आणि काय सांगत होते तिला? रस्ता माझ्या मुलानं आखलाय म्हणून. गल्लीभर सांगत सुटले होते. हातोडे पडतायत, आणि माझं आपलं चाललंय. ती म्हणाली, ताई, पोराची रेघ मात्र अगदी सरळ हं." आई थांबली. "कधी एका शब्दानं बोलली नाही. आजसुद्धा नाही."

त्याला मान वर करवेना. मग आईच्या नावापुढं, दुसऱ्या फेरीच्या रकान्यात त्यानं एक्केचाळीस लिहिलं. खाली 'दोष' या शब्दापुढं पादचारी आणि सिग्नल असे दोनच पर्याय होते. त्यानं दोन्ही खोडले आणि लिहिलं, रस्ता गरजेपेक्षा रुंद आहे, दोन्ही बाजूंनी कमी करावा. मूळ आखणी कोणाची, तेही लिहिलं. मग सही केली आणि कागद आईकडे वळवला.

आईनं चष्मा लावून सगळं वाचलं.

"आणि तरी त्यांनी पूलच बांधला तर?"

"तर माझ्यावर रागाव."

"रागावेनच. सोडते की काय," आई म्हणाली. "ऊठ, जेवायला वाढते."