दातात धरायचा टॉर्च

"हा पण नाही चालणार." बाबांनी तोंडातला टॉर्च काढला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "परत पाठव."

"आता याला काय झालं?"

"बटण बुडाशी आहे. दातात धरला की जीभ लागते. एकदा लागली की उजेड कमी, दुसऱ्यांदा लागली की लुकलुक सुरू. मी ब्रेक सेट करू का नाचू?"

फरशीवर बसलेली भोपळी त्या लुकलुकीकडे बघून खिदळत होती. भोपळी म्हणजे माझी चौदा महिन्यांची मुलगी. हे नाव तिच्या आजोबांनीच ठेवलेलं. तिचा हात पोचायच्या आत मी टॉर्च उचलून फ्रिजवर ठेवला. आत चपटे, बटणाएवढे सेल होते, आणि असे सेल मुलांनी गिळले तर काय होतं ते मी नको इतकं वाचलं होतं.

तीन आठवड्यांतला हा तिसरा टॉर्च.

बाबा लिफ्ट मेकॅनिक. एकतीस वर्षं एकाच कंपनीत. आई गेल्यापासून ते दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत आणि दुपारी दोन कॉलच्या मधल्या वेळात माझ्याकडे जेवायला येत. लिफ्टच्या कामाला माणसाचे दोन हात पुरत नाहीत. एका हातात पान्हा, दुसऱ्यात वायर, नाहीतर नुसता स्वतःचा तोल. मग उजेड धरायचा कशाने? तोंडाने. त्यांच्या जुन्या टॉर्चवर दातांचे खळगे पडले होते, वर दोन, खाली तीन. अकरा वर्षं तो त्यांच्या तोंडात टिकला, आणि महिन्यापूर्वी सहाव्या मजल्यावरून सुटून शाफ्टच्या, म्हणजे लिफ्टच्या उभ्या विहिरीच्या, खड्ड्यात पडला. बाबांनी ते जेवताना विनोद म्हणून सांगितलं होतं. "जांभई दिली असणार मी. वयच झालं जांभया द्यायचं."

नवा टॉर्च शोधायचं काम मी अंगावर घेतलं. भोपळी दुपारी झोपली की मी फोन घेऊन बसायची आणि लोकांनी काय काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचायची. बाबांच्या अटी मी कागदावर उतरवून घेतल्या होत्या. बोटभर लांबी. करंगळीहून जाड, अंगठ्याहून बारीक. खिशात टोचता कामा नये. पडला तरी विझता कामा नये. उजेड जरा पिवळसरच हवा, कारण स्वस्त पांढऱ्या उजेडात लाल वायर आणि चॉकलेटी वायर बहिणी-बहिणी दिसतात.

पहिला आला, तो भक्कम होता. "जबडा दुखतो." दुसरा हलका, स्टीलचा. "साबणासारखा निसटतो." तिसऱ्याचं बटण बुडाशी. प्रत्येक वेळी बाबांनी दोष सांगायचा, मी मान डोलवायची आणि आणखी बारीक, आणखी हलका काहीतरी शोधायला लागायचं.

पण मला दिसलं होतं.

पहिला टॉर्च आला त्याच दिवशी दिसलं. चहा पिताना बाबांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून एक ओघळ हनुवटीपर्यंत आला. त्यांनी कप वर करून तळ बघितला. "तडा गेलाय वाटतं." कपाला काहीही झालं नव्हतं. नंतर मी तो सिंकमध्ये पाणी भरून दहा मिनिटं ठेवला. थेंब गळला नाही. भोपळीला बघितल्याबरोबर ते शीळ घालायचे, ती बंद झाली होती. त्याऐवजी ते टाळ्या वाजवायचे. हसले की डावा गाल मागे राहायचा, घाई नसलेल्या माणसासारखा.

मग मी बोलले का नाही? त्याच्या आदल्याच आठवड्यात मी भोपळीला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, कारण ती पापण्या फार मिटते असं माझ्या डोक्यात बसलं होतं. एका मिनिटात किती वेळा मिटते ते मी तीन दिवस वहीत लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनी वही वाचली, परत दिली आणि म्हणाले, "बाळ छान आहे. तुम्ही झोपत चला." नवऱ्याने ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली. बाबा तर मला आधीपासूनच इन्स्पेक्टरबाई म्हणायचे. वर्षातून एकदा लिफ्ट तपासायला येऊन नसलेली खोट काढणाऱ्या साहेबांवरून. "आल्या इन्स्पेक्टरबाई! आता आमचं काय चुकलं ते सांगा." सगळे हसले, मीही हसले आणि कानाला खडा लावला. आता पुन्हा राईचा पर्वत करायचा नाही.

म्हणून चहाचा ओघळ दिसला तेव्हा मी म्हणाले, "बाबा, मी दुसरा मागवते."

चौथ्या टॉर्चला मी घरीच सायकलच्या मुठीचं रबर गुंडाळलं. बटण कडेला, उजेड पिवळसर, वजन पेनाएवढं. आता नाव ठेवायला जागाच नव्हती.

"वा," बाबा म्हणाले. "घेऊ परीक्षा. तुझ्या सिंकखालचा पाईप गळतोय ना?"

ते फरशीवर आडवे झाले, डोकं सिंकखाली घातलं, टॉर्च दातात धरला आणि दोन्ही हातांनी नट पकडला. उजेड पाईपवर स्थिर झाला. मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. नऊपर्यंत आले आणि टॉर्च तोंडाच्या डावीकडून घरंगळून त्यांच्या गळ्यावर पडला.

"रबर नवं आहे," ते आतूनच म्हणाले. "गुळगुळीत."

त्यांनी तो पुन्हा धरला. या वेळी मी चारपर्यंतच पोचले. तिसऱ्यांदा त्यांनी तो उजव्या दाढेत दाबला आणि मान इतकी वाकडी केली की उजेड पाईप सोडून भिंतीवर गेला. हनुवटीवरून लाळ आली. ती पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाबा, बाहेर या."

"थांब, होतंय."

"बाबा. बाहेर या. गाल फुगवून दाखवा."

ते उठून बसले. हसायच्या बेतात होते. इन्स्पेक्टर हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला. पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तो आत घेतला आणि मुकाट्याने गाल फुगवले. उजवा फुगला. डावीकडून हवा फुस्स करून निघून गेली.

भोपळीला हा खेळ वाटला. ती खळखळून हसली आणि टाळ्या पिटायला लागली. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा गाल फुगवले. फुस्स. ती आणखी हसली. तिच्यासाठी त्यांनी ते पाच-सहा वेळा केलं, आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"किती दिवस झाले तुला दिसून?" भोपळीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"हं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"टॉर्च पडला तेव्हा. जांभई नव्हती ती." त्यांनी चौथा टॉर्च उचलून विझवला. "वाटलं, बरासा टॉर्च मिळाला की जमेल."

हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई शांत होत्या. मेंदूत एक छोटी गुठळी अडकून गेली होती. महिना तरी झाला असावा. डाव्या हातातही थोडा अशक्तपणा होता, तो आम्हा दोघांनाही कळला नव्हता. औषधं चुकवायची नाहीत. शिडी, शाफ्ट, लिफ्टच्या टपावर चढणं, सगळं बंद.

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"बंद म्हणजे बंदच, काका. पुढचा झटका एवढाच असेल असं नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी बाबाच बोलले. "मी एकटा राहतो. कुणाच्या लक्षात येणार?"

त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की डॉक्टरीणबाईंनी पुढे काही विचारलं नाही. घरी येताना रिक्षात मी म्हणाले, "बाबा, मी त्याच दिवशी बोलले असते तर..." त्यांनी माझा हात थोपटला, बाहेर बघितलं आणि म्हणाले, "वेग बघ याचा. याला लिफ्टसारखा ब्रेक नको का?" मला क्षमा त्यांनी कधीच केली नाही, कारण माझं काही चुकलंय हेच त्यांनी कधी मान्य केलं नाही. त्यामुळे ते ओझं माझ्याकडेच राहिलं.

कंपनीने त्यांना ऑफिसात फोन घ्यायला बसवलं. पण त्याआधी एका जुन्या इमारतीची शेवटची तपासणी त्यांना स्वतः करून द्यायची होती. बावीस वर्षं ती लिफ्ट त्यांच्याच हाताखाली होती.

"शाफ्टमध्ये पाय ठेवणार नाही," ते म्हणाले. "फक्त गच्चीवरची मशीन रूम. तू चल बरोबर. उजेड धर."

शनिवारी सकाळी भोपळीला नवऱ्याजवळ ठेवून मी निघाले. वहीचा विनोद त्याने हॉस्पिटलच्या त्या दिवसानंतर कधीच सांगितला नाही. वाटेत बाबा नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले. दुकानदार त्यांना ओळखून होता; गेल्या महिनाभरात ते तिथेही टॉर्च बघून रिकाम्या हाताने परतले होते. त्याने न विचारता सात टॉर्च काउंटरवर ओळीने मांडले आणि मला म्हणाला, "बसून घ्या, ताई. यांचं टॉर्च बघणं म्हणजे मुलगी बघण्यापेक्षा वाईट. तास कुठे गेला नाही."

"कुठलाही द्या," बाबा म्हणाले.

दुकानदाराने मान वर केली. "कुठलाही?"

"हातातच धरायचाय."

त्याने मग जो हाताला लागला तो दिला. बाबांनी तो पेटवूनसुद्धा बघितला नाही. सरळ माझ्याकडे दिला.

मशीन रूम म्हणजे गच्चीवरची छोटीशी खोली, ग्रीसचा वास, एकच झरोका. बाबांनी मेन स्विच पाडला, त्यावर 'काम चालू' अशी पाटी अडकवली आणि गुडघे टेकून ब्रेकसमोर बसले. डावा हात जरा उशिरा यायचा. उजवा त्याच्यासाठी थांबायचा. मी मागे उभी राहून उजेड धरला. वाटलं होतं सोपं असेल. दोन मिनिटांत मनगट भरून आलं.

"इन्स्पेक्टरबाई," बाबा न वळता म्हणाले.

"काय?"

"उजेड माझ्या तोंडावर येतोय. कामावर धरा."

खरंच, मी बघत होते तिकडेच टॉर्च वळला होता. मी तो त्यांच्या हातांवर आणला. थोड्या वेळाने तो परत वर सरकला. तेव्हा नुसता हात वर करून त्यांनी माझं मनगट धरलं आणि हलकेच खाली आणून ठेवलं.

ब्रेक झाला, पॅनेलमधले रिले झाले. त्यांनी एकेक स्क्रू पुन्हा पिळून बघितला, पाटी काढली, स्विच चढवला. मोटर घुमली. डोळे मिटून त्यांनी लिफ्ट खाली जाऊन वर येईपर्यंत आवाज ऐकला.

"चांगली आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

दाराच्या आत खिळ्याला सर्व्हिस कार्ड लटकत होतं. एकाखाली एक तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे तीच सही, वरपासून खालपर्यंत. बाबांनी कार्ड भिंतीवर टेकवलं, आजच्या ओळीत सही केली. मग सवयीप्रमाणे खालच्या ओळीत पुढच्या महिन्याची तारीखही घातली आणि पेन सहीच्या चौकोनावर थांबलं.

मी उजेड त्या रिकाम्या चौकोनावर धरला. या वेळी हात हलू दिला नाही.

बाबांनी पेनाला टोपण लावलं.