उस्तादांचा कॉम्प्युटर दोन मिनिटं चालतो

उस्तादांना उस्ताद हे नाव लिफ्टच्या कंपनीतल्या लोकांनी ठेवलं होतं. ते चिडवायला ठेवलंय, हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून गडी घरी बसला, आणि मग मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांची बेल, हाती लागेल ते उघडायला लागला. उघडलेलं बहुतेक वेळा पुन्हा बंदही करायचे. झाकण बंद व्हायचं म्हणजे, वस्तू चालायचीच असं नाही.

ताई त्यांची थोरली बहीण. छापखान्यात सव्वीस वर्षं प्रुफं तपासली, छापखाना बंद झाला, आणि आठ महिन्यांपासून ती भावाकडे राहत होती. आता एका कंपनीत घरबसल्या काम मिळायची आशा होती. हेडफोनमधून लोकांचं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं. त्याची परीक्षा सोमवारी दुपारी चारला. तासभर, आपल्याच कॉम्प्युटरवर, मध्ये बंद पडला तर नापास. छप्पन्नाव्या वर्षी दुसरं कोण बोलावणार होतं तिला?

दुकानात तयार कॉम्प्युटर होता. नेऊन लावला की चालू. पण उस्ताद म्हणाले, "तयार कशाला? सुटे भाग आणतो आणि बांधून देतो. लिफ्ट जोडणाऱ्याला एक खोकं जोडायला काय लागतं?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं त्यांची बायको तेव्हाच म्हणाली होती. तिचं असलं बोलणं ऐकू न येण्याची उस्तादांना सवय होती.

रविवारी त्यांनी दिवसभर बसून तो बांधला. डिस्कमध्ये लागेल ते सगळं दुकानदाराने भरूनच दिलं होतं. संध्याकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर उजेड आला. उस्तादांनी सगळ्यांना तो उजेड दाखवला आणि उगाच झिजायला नको म्हणून लगेच बंद केला.

सोमवारी सकाळी नऊला ताई सरावाला बसली. दोन ओळी टाइप केल्या आणि फट्कन सगळं काळं.

"काय दाबलंस?" उस्तादांच्या तोंडून पहिला शब्द हाच.

"काही नाही रे. टाइप करत होते."

"काहीतरी दाबलं असणार, ताई. त्याशिवाय बंद पडत नाही."

ताई उठून बाजूच्या खुर्चीवर बसली. उस्तादांनी पुन्हा चालू केला. दोन मिनिटांनी बंद. मग त्यांनी वायर बदलली, एक्स्टेन्शन बोर्ड बदलला, कॉम्प्युटर उचलून स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. तिथेही बंद. घराचं वायरिंगच खराब आहे, असा निकाल त्यांनी दिला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि हे अंगण तर त्यांनी स्वतःच घातलेलं होतं, म्हणजे वायरिंगही त्यांचंच. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या. बटणाची वायर तपासली. प्रत्येक वेळी मान हलवून "हं, सापडलं" म्हणायचे, आणि दोन मिनिटांनी पुन्हा खाली बसायचे. साडेअकराला ताई आतल्या खोलीत जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलून आली. कोणाशी, हे विचारायला उस्तादांना सवड नव्हती.

एक वाजता बायको पाणी घेऊन आली आणि दारात उभी राहून बघत राहिली.

"अहो, तुम्ही मघाशी जेवायला उठलात ना, त्यानंतर तो चांगली तीन मिनिटं चालला. आणि लगेच लावला की अर्ध्या मिनिटात पडतो. दमत असेल का?"

"यंत्र दमत नाही," उस्ताद म्हणाले, आणि मग त्यांचा स्क्रू ड्रायव्हर हवेतच थांबला. लिफ्टची मोटर फार तापली की आपोआप बंद पडते, आणि गार झाली की चालू होते. हे त्यांनी एकतीस वर्षांत शंभर लोकांना, तेही जरा हसत हसत, समजावलं होतं.

त्यांनी पंख्याखालचा धातूचा ठोकळा काढला. प्रोसेसरची उष्णता खेचून घ्यायचं त्याचं काम. त्याच्या तळाला पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं, आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की वापरण्यापूर्वी काढा.

आता हे काढायचं राहून गेलं असतं तर माणूस म्हणाला असता, विसरला बिचारा. पण उस्ताद विसरले नव्हते. त्यांच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढतच नसत. टीव्हीचा रिमोट सात वर्षं पिशवीत होता, फ्रिजच्या दाराला अजून निळा कागद होता. रविवारी त्यांनी ते प्लास्टिक बघितलं होतं, लाल अक्षरं वाचली होती, आणि राहू दे, चरे पडणार नाहीत, असं म्हणून वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून दाबून बसवलं होतं.

पडलो तरी नाक वर. उस्तादांनी प्लास्टिक खिशात कोंबलं, नवी पेस्ट लावून ठोकळा बसवला, मशीन चालू केलं. पाच मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. बंद पडायचं नाव नाही.

"काय झालं होतं?" बायकोने विचारलं.

"होतं काहीतरी आतलं. तुला नाही कळायचं. ताई, बस आता."

ताई जागची हलली नाही. "बरं झालं बाबा. पण परीक्षा आता नाही. मी सकाळीच कंपनीत फोन करून सांगितलं त्यांना, माझ्या हातून मशीन बिघडलं म्हणून. तिथल्या बाई म्हणाल्या, मग दुसऱ्या कोणाला बोलावतो."

उस्तादांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. "दे तो नंबर," ते म्हणाले, आणि तिथेच सगळ्यांसमोर फोन लावला.

"बाई, कॉम्प्युटर माझ्या बहिणीने नाही बिघडवला. मी बिघडवला."

"घरची माणसं असंच म्हणतात हो," पलीकडून बाई म्हणाल्या.

म्हणजे आता स्वतःचा मूर्खपणा पुराव्यानिशी सिद्ध करायचा होता. उस्तादांनी खिशातून प्लास्टिक काढलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मग काढायचं विसरलात ना? होतं असं."

"विसरलो नाही. मुद्दाम ठेवलं."

"त्यावर काढा असं लिहिलेलं असतं."

"लाल अक्षरांत. मी वाचलं होतं. मला वाटलं, ते इतरांसाठी आहे."

"आपण करता काय?"

"लिफ्ट दुरुस्त करायचो."

"कुठल्या इमारतींतल्या?" बाईंनी काळजीने विचारलं. मागे कोणीतरी हसलं, बाईही हसल्या. उस्तादांच्या अब्रूचं पार खोबरं झालं, पण आज त्यांना ते हवंच होतं. जितके जास्त मूर्ख ठरतील तितकं ताईचं भलं होतं.

"बरं, त्यांची जागा अजून दिलेली नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "चारला बसू द्या त्यांना. तुम्ही मात्र त्या खोलीत थांबू नका."

उस्तादांनी फोन ठेवला. बायको तोंडावर पदर धरून हसत होती. ताई हसत नव्हती. ती त्यांच्या हातातल्या प्लास्टिककडे बघत होती.

"म्हणजे माझ्या हातून खरंच काही झालं नव्हतं?"

"नाही गं, ताई. काहीच नाही."

"मला वाटलं, वय झालं माझं. आता हे जमायचं नाही आपल्याला." ती उठून कॉम्प्युटरसमोर बसली. दोन्ही हात तिने अजून मांडीवरच ठेवले होते. "मग हात लावू ना रे मी?"

उस्तादांनी होकाराची मान डोलावली, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे ते खोलीबाहेर गेले.