मिठाचा बर्फ

होडी लागली होती आणि मालन वर्सोव्याच्या बंदरावर बोंबील निवडत होती. तिच्या लेकीने, जयाने, पाटीला हात लावला, तशीच उठली आणि वाळूत जाऊन ओकली.

"झालं चालू! पाटी बघितली का हिच्या पोटान ढवळतंय."

"शालेत पन ढवळतंय, आये. मना भात बघवत नाय."

"कोलनीची पोर आन मासलीचा वास नको! लगीन काय बामनाच्या घरान लावू?"

शेजारची सुंदराबाई हसली. पण तिची नजर जयाच्या पोटावर गेली. "पोर पंधराची झाली गो मालने. बघ जरा."

"तोंड सांभाल, सुंदरे! साखरेचा आजार हाय तिला. दुसरं काय नाय."

आजार हिवाळ्यात कळला होता. रोज दोन वेळा सुई. औषधाची बाटली थंड जागी ठेवा, असं सांगितलेलं. घरात फ्रीज नव्हता, पण बर्फाला काय तोटा? मालनने बाटली माशांच्या पेटीत पार तळाशी ठेवली, वरून जाडं मीठ मारलेला बर्फ. तिचा नवरा धोंडू कारखान्यातून बर्फाची लादी आणायचा, ती आधी बाटलीपुरती फोडायचा, मग माशांसाठी. टोचायच्या आधी आतलं वितळावं म्हणून मालन बाटली मुठीत धरून बसे. आत गोठलेलं पाहून तिला बरं वाटे. कडक राहिलं म्हणजे ताजं राहिलं.

जयाची मळमळ मात्र थांबेना. लिंबू झालं, कोकम झालं, दृष्ट काढून झाली. एकदा पाठीत धपाटाही बसला. पाटी उचलायला नको म्हणून ढोंग करते, असं मालनला वाटे.

मग एका सकाळी जया उठलीच नाही. धापा टाकत होती, तोंडाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा वास. धोंडूने तिला उचलून रिक्षात घातलं.

अंधेरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुई चुकली होती?"

"एक नाय चुकली, बाय," मालन ताठ मानेने म्हणाली आणि कनवटीची बाटली पुढे केली.

बाईंनी ती उजेडात धरली. आत पांढऱ्या कण्या तरंगत होत्या. "कुठे ठेवता?"

"बर्फान. मीठ मारून."

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. "गोठलं की त्यातला गुण जातो. मग अंगात विष साठतं, म्हणून ही मळमळ. बर्फ नको. माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायची."

"मंजे मी पोरीला पानी टोचत होते?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. धोंडू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आठवड्याने जया घरी आली. नवी बाटली माठाजवळ ठेवली. जया भाताचं ताट घेऊन बसली, मालन समोर.

"मलमलतंय?"

"नाय."

"खरं सांग."

"नाय गो, आये."

"मना बरं वाटावं म्हनून सांगतेस."

जयाने घास घेतला, चावला, गिळला. मग लहान पोरासारखा मोठा आ केला.

मालन पुढे झाली. जयाची हनुवटी धरून, उजेडाकडे वळवून, तिने आत नीट पाहिलं.